स्वतः बनवलेलं फिटनेस ॲप खरं बोलतंय का? तपासायचं कसं, सुधारायचं कसं

फिटनेसचं ॲप स्वतः बनवलं की पहिला आठवडा घरचे सगळे कौतुक करतात, दुसऱ्या आठवड्यात एकदोन जण नोंदी भरतात, आणि महिन्याभराने ते फक्त बनवणाऱ्याच्याच फोनवर उघडतं. मग बनवणारा रंग बदलतो, ग्राफ बदलतो, डार्क मोड टाकतो, तरी कोणी फिरकत नाही. माझा भाचा शिरपूरला इंजिनिअरिंग करतोय, त्यानेही एआयला विचारत विचारत असंच एक वेब ॲप, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं ॲप, उभं केलं, चालणं धावणं वजन जेवण कॅलरी सगळं एकाच ठिकाणी, दिसायला खरंच छान, आणि मला लिंक पाठवून म्हणतो मामा बघा जरा अन सांगा काय सुधारू. मी म्हटलं डिझाइनचं राहू दे भो, यातला कुठला आकडा खराय तेवढं आधी सांग. गडी गप्प.

तर ॲप तपासायचं म्हणजे मुळात हेच. स्क्रीनवर दिसणारा आकडा आला कुठून, त्यात चूक किती असू शकते, आणि तो बघून माणूस उद्या काही वेगळं करणार आहे का. त्यासाठी कोडिंग यायलाच हवं असं काही नाही, एक वही आणि घरातली वेगवेगळ्या वयाची दोनतीन माणसं पुरतात. आमच्याकडे अमळनेरला माझे वडील, सगळे त्यांना नाना म्हणतात, धुळ्याला ताई म्हणजे भाच्याची आई, आणि भाच्याचा एक मित्र जो पोलीस भरतीची तयारी करी राहिलाय, हे सापडले.

पहिला घोळ नानांनीच पकडला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठचं ऊनसुद्धा चटके देतं, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे फिरणारी मंडळी पावणेपाचलाच बाहेर पडतात. नाना सव्वापाचला परत आले, नोंद केली, आणि ॲपने ती कालच्या तारखेला टाकली. लगेच फोन, "मी आज फिरी उनू, मंग हाई कालनं काबर दखाडस?" (मी आज फिरून आलो, मग हे कालचं का दाखवतंय?) भाच्याला वाटलं नानांनीच काहीतरी भलतं दाबलं असेल. पण नाना बरोबर होते. जावास्क्रिप्टमध्ये आजची तारीख काढायचा जो सगळ्यात सोपा मार्ग आहे, एआयसुद्धा पटकन तोच लिहून देतं, म्हणजे टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरायचं आणि त्याची पहिली दहा अक्षरं कापून घ्यायची, त्यातून येणारी तारीख ग्रीनिचच्या वेळेची असते. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचाच दिवस चालू असतो. मजा अशी की हा बग उन्हाळ्यातच दिसतो. थंडीत नाना साडेसहाला निघतात तेव्हा सगळं चोख, म्हणून डिसेंबरात टेस्ट केलेलं ॲप मे महिन्यात बिघडतं आणि का बिघडलं ते कोणाच्या लक्षात येत नाही. आणि एक नोंद मागच्या दिवसावर गेली की 'सलग किती दिवस' वाला स्ट्रीक तुटतो, रोज नेमाने फिरणाऱ्या माणसाला ॲप सांगतं तुम्ही आज दांडी मारली. कोण उघडेल परत असलं ॲप?

उपाय सोपाय. घडलेला क्षण ग्रीनिचच्या वेळेत साठवला तरी चालतो, पण 'कुठल्या दिवशी' हे फोनच्या स्थानिक वेळेवरून काढून वेगळं साठवायचं. तपासायला पहाटे उठायचीही गरज नाही, फोनचं घड्याळ हाताने ५:१० करून एक नोंद टाकायची, मग रात्री ११:५५ ला चालणं सुरू करून १२:१० ला बंद करायचं आणि बघायचं ते कुठल्या दिवसात पडतं. कुठल्याही दिवसात पडू दे, दर वेळी एकाच नियमाने पडलं म्हणजे झालं.

नानांचा दुसरा शोध म्हणजे आकडे. त्यांचा कीबोर्ड मराठी, ते वजन लिहितात ७२.५, आणि जावास्क्रिप्टला देवनागरी अंक समजतच नाहीत, ते त्याला 'हा नंबरच नाही' म्हणतं. नंबर भरायच्या काही चौकटी तर असं न समजलेलं टाकून देऊन रिकामी किंमत पुढे पाठवतात, आणि रिकाम्याचा नंबर केला की होतो शून्य. मग वजनाचा ग्राफ एका दिवसात बहात्तरवरून थेट जमिनीवर. म्हणून आत आलेले देवनागरी अंक आधी इंग्रजीत बदलून घ्यायचे, न भरलेला दिवस रिकामाच ठेवायचा, शून्य नाही, आणि कोणी ७२५ लिहिलं तर साठवायच्या आधी विचारायचं की बाबा नक्की का. मराठी माणसांसाठी ॲप बनवताय आणि मराठी आकडे चालत नाहीत, हे जरा अतीच झालं.

आता भरतीवाला मित्र. पोलीस भरतीच्या मैदानीत मुलांना १६०० मीटर असतं, मुलींना ८०० मीटर. तो रोज ॲप लावून पळायचा आणि खूश असायचा की टायमिंग सुधारतंय. त्याला ४०० मीटरच्या ट्रॅकवर नेऊन सगळ्यात आतल्या लेनमध्ये चार फेऱ्या मारायला लावल्या, म्हणजे बरोबर १६००, आणि ॲपचा आकडा शेजारी लिहिला. अशी तुलना करताच खरं कळतं. समजा अंतरात तीनच टक्के फरक पडला, तरी सहा मिनिटांच्या धावेत दहाअकरा सेकंद इकडचे तिकडे होतात, आणि भरतीत दहा सेकंदांनी गुण बदलतात. (हायवेला किलोमीटरचे दगड असतात, त्यावरून मोजता येईल असं एकाने सुचवलं होतं, पण धुळे-जळगाव रोडवरचे ट्रक बघता ट्रॅकच बरा.)

फरक का पडतो ते समजून घ्या म्हणजे दुरुस्तीपण कळेल. फोन दर एकदोन सेकंदाला जीपीएसवरून आपली जागा विचारतो, आणि ॲप एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतचं अंतर काढून बेरीज करत जातं. पण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनची जागा चारपाच मीटर इकडेतिकडे असते, आणि चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम दीड मीटर पुढे सरकतो. म्हणजे चुकीचा आकार चालण्यापेक्षा मोठा. असे ठिपके जोडत गेलं की सरळ रस्त्यावरही नागमोडी रेघ तयार होते आणि अंतर वाढतं. उलट ट्रॅकच्या वळणावर ठिपके लांब लांब पडले तर रेघ वळण कापून सरळ जाते आणि अंतर घटतं. म्हणजे एकच ॲप एका जागी जास्त दाखवतं, दुसऱ्या जागी कमी, आणि ठरावीक टक्के वजा करून भागत नाही.

ब्राउझर प्रत्येक जागेसोबत एक अचूकतेचा आकडा देतो, मीटरमध्ये. तो २० असेल तर अर्थ असा की खरी जागा या ठिपक्यापासून २० मीटरच्या आत असण्याची शक्यता ९५ टक्के. बहुतेक घरगुती ॲप हा आकडा वाचतच नाहीत! तो वाचा, खराब ठिपके फेकून द्या, चालण्यात अचानक ताशी ३० किलोमीटर वेग आला तर तोही ठिपका फेका, आणि दोनतीन मीटरच्या हलचालीला चालणं समजू नका, जरा अंतर पडू द्या मग मोजा. झालं की एक टेस्ट करा, फोन अंगणात ओट्यावर ठेवून अर्धा तास रेकॉर्डिंग चालू सोडा. अंतर शून्याच्या जवळपास आलं पाहिजे. भाच्याच्या ॲपने पहिल्यांदा ओट्यावर बसल्या बसल्या बरंच फिरून घेतलं होतं.

अजून एक अडचण आहे जी वेब ॲपमध्ये पूर्ण सुटतच नाही. स्क्रीन बंद केली, फोन खिशात टाकला, की ब्राउझर त्या पानाला झोपवतो. जीपीएस थांबतं, आणि परत स्क्रीन चालू केली की जुना ठिपका ते नवा ठिपका अशी सरळ रेघ, मधलं सगळं गायब. टायमरचंही तेच. दर सेकंदाला एक मिळवत जाणारा टायमर मागे गेलेल्या पानात मंदावतो, क्रोम तर काही मिनिटांनी त्याला मिनिटातून एकदाच जागं करतं. टायमरचा इलाज आहे, सुरुवातीची वेळ लिहून ठेवायची आणि शेवटी वजाबाकी करायची, मध्ये कोण झोपलं याच्याशी देणंघेणं नाही. जीपीएससाठी स्क्रीन चालू ठेवायची सोय ब्राउझरमध्ये आहे पण बॅटरी खाते, आणि मे महिन्यात खिशातला फोन तापतो तो वेगळा. पावलांचं तर वेब ॲपने नावच काढू नये असं माझं मत, फोन स्वतः पावलं मोजत असेल तर तो आकडा बघून हाताने टाका.

पावलांवरून आठवलं, ॲपमध्ये टार्गेट १०,००० च होतं, सगळ्यांना सारखंच. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्रातून आलाय, कुठल्या डॉक्टरांच्या अभ्यासातून नाही. अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा २०१९ चा एक मोठा अभ्यास आहे, त्यांचं सरासरी वय ७२, त्यात साधारण ७,५०० पावलांच्या पुढे जास्त फायदा दिसला नाही आणि ४,४०० वाल्याही २,७०० वाल्यांपेक्षा बऱ्याच बऱ्या निघाल्या. तर नानांना रोज संध्याकाळी लाल अक्षरात 'टार्गेट अपूर्ण' दाखवायचं कारण काय?

आता कॅलरी. इथे सगळ्यात जास्त थापा असतात, आणि बनवणाऱ्याचा तसा हेतूही नसतो.

व्यायामाच्या कॅलरी जवळजवळ सगळी ॲप एकाच पद्धतीने काढतात. प्रत्येक कामाला मेट नावाचा एक आकडा दिलेला असतो. शांत बसणं म्हणजे १ मेट, म्हणजे किलोमागे तासाला साधारण १ किलोकॅलरी (बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो). ताशी पावणेपाच-पाच किलोमीटरने सपाट चालणं २०११ च्या यादीत ३.५ मेट. (ही यादी पहिली १९९३ ला आली, अलीकडची २०२४ ची, आकडे थोडे बदललेत, म्हणून कोडमध्ये कुठल्या सालची घेतली ते लिहून ठेवा.) गणित असं की मेट गुणिले वजन गुणिले तास. ७० किलोचा माणूस एक तास चालला तर ३.५ × ७० = २४५. ॲपने दाखवलं, 'तुम्ही २४५ कॅलरी जाळल्या', माणूस खूश. पण हाच माणूस तासभर खाटेवर पडून राहिला असता तरी ७० गेल्याच असत्या! चालण्यामुळे जास्तीच्या गेल्या त्या १७५. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण १०५ असतात, म्हणजे तासभर चालून आपण जळगावची दोन केळी पण भरून काढली नाहीत. ॲपचा २४५ बघून मात्र माणूस दोन केळी खाऊन वर चहाबरोबर बिस्किटं घेतो, आणि महिन्याने म्हणतो एवढं चालूनही वजन हलत नाही यार.

दुसरी तपासणी, प्रोफाइलमधलं वजन बदलून बघा. ७० चं ५० केलं तरी कॅलरी तेवढ्याच आल्या तर समजा कोडमध्ये कोणाचं तरी वजन कायमचं बसवलंय. आणि त्या दशांशांचं काहीतरी करा, २४३.६७ असं लिहिलं की माणसाला वाटतं केवढं अचूक मोजलंय, मुळात सगळा अंदाजाचा मामला. 'सुमारे १७५' लिहा.

तिसरा घोळ ताईच्या खात्यात निघाला, आणि तो इतक्या ॲपमध्ये असतो की नीट सांगतो. दिवसाला किती कॅलरी लागतात हे काढायला बहुतेक ठिकाणी १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. बायकांसाठी ते असं, वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. पंचेचाळीस वर्षांची, ६० किलोची, १५५ सेंटिमीटर उंचीची बाई घेतली तर उत्तर साधारण ११८३. हे नुसतं पडून राहायला. मग त्याला तुम्ही किती हलता त्याच्या आकड्याने गुणायचं, बैठं आयुष्य असेल तर १.२, थोडाफार व्यायाम असेल तर १.३७५. ताई रोज चालते म्हणून तिने 'थोडाफार व्यायाम' निवडलं, झाले १६२६. आता या १६२६ मध्ये तिचं चालणं धरलेलंच आहे. तरी ॲप दर संध्याकाळी चालण्याच्या २१० कॅलरी परत वर मिळवून सांगत होतं की आज तुम्ही १८३६ खाऊ शकता. एकच पगार दोनदा जमा केल्यासारखं. एकतर १.२ धरा आणि व्यायाम वेगळा मिळवा, नाहीतर १.३७५ धरा आणि वेगळं काही मिळवू नका. शिवाय हे सूत्र अमेरिकेतल्या ४९८ लोकांवरून काढलेलं, ताईच्या अंगाला ते तंतोतंत बसेल ही अपेक्षाच नको. चारपाच आठवडे वजन कुठे चाललंय ते बघून तिचा आकडा थोडा वरखाली करायची सोय ॲपमध्ये पाहिजे, ते सूत्रापेक्षा कधीही खरं.

जेवणाचं तर विचारूच नका. भाच्याने परदेशी डेटाबेस जोडला होता, त्यात ॲव्होकॅडोचे पाच प्रकार आणि कळण्याच्या भाकरीचा पत्ता नाही. भरीत शोधलं की भाजलेलं वांगं येतं, १०० ग्रॅमला पंचवीस-तीस कॅलरी. अरे पण आपल्या भरतात वांग्याची कॅलरी मोजतंय कोण, त्यावरची फोडणी बघा, त्यातले शेंगदाणे बघा! एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, वांग्याच्या चौपट. शेवभाजीत शेव आधीच तळलेली, वर तर्री. वरण-बट्टीला तूप किती हे वाढणाऱ्याच्या प्रेमावर. अशा जेवणाला ताटागणिक कॅलरी लिहिणं म्हणजे शुद्ध कल्पनाशक्ती.

त्यापेक्षा मी भाच्याला दुसरंच सुचवलं. ताटाचं राहू दे, घरातलं तेल मोज. किराणा महिन्याचा भरतो, तेलाचा हिशोब प्रत्येक घरात असतोच. समजा चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागलं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे ५ लिटर साडेचार किलोच्या वर, भागिले चार माणसं भागिले तीस दिवस, माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी धरून रोजच्या ३४० च्या आसपास नुसत्या तेलातून. हा एक आकडा महिन्यातून एकदा भरायचा, आणि पुढच्या महिन्यात ४ लिटरवर आणता येतं का बघायचं. ताईला हे लगेच पटलं, कारण यात तिला रोज फोन घेऊन बसायचं नव्हतं, आणि तसंही ज्या बाईला चौघांचा स्वयंपाक करायचाय तिने प्रत्येक घासाची नोंद करावी ही अपेक्षा ठेवणाऱ्याने कधी स्वयंपाक केलेला नसतो.

वजनाच्या ग्राफचं थोडक्यात. वजन रोज किलोभर वरखाली होतं, पाण्याने, मिठाने, पोट साफ झालं का नाही त्याने. रात्री खारट-तिखट शेवभाजी चापली की सकाळी काटा वर. किलोभर चरबी वाढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, एका रात्रीत ते शेवभाजीनेही होत नाही. म्हणून रोजचा ठिपका फिका दाखवा आणि सात दिवसांची सरासरी जाड रेघेत. ग्राफची उभी पट्टी आपोआप बसवू देऊ नका, नाहीतर ३०० ग्रॅमचा फरक सातपुड्याएवढा दिसतो.

मग एवढं सगळं काढून टाकल्यावर पहिल्या स्क्रीनवर ठेवायचं काय? मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मोठ्या माणसांसाठी आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं असा आहे, सोबत दोन दिवस ताकदीचे व्यायाम. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. याला जीपीएस लागत नाही, मेट लागत नाही, घड्याळ पुरतं, आणि आकडा नानांना पण कळतो आणि खोटा निघत नाही. भाच्याने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, एवढं बनवलं ते मागच्या पानावर टाकायचं म्हणून, पण नंतर बघा कोण काय भरतं ते, वापरणारे मिनिटं आणि वजन एवढंच भरतात, बाकी चौकटी रिकाम्या. रिकाम्या राहतात त्या काढूनच टाका. आणि माणूस वापरत असताना शेजारी बसून 'इथे दाबा' म्हणू नका, गप्प बघा, तो कुठे अडतो ते त्याशिवाय कळत नाही.

डेटाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, ठेवलेलं सगळं ब्राउझरचा डेटा साफ केला की जातं, आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंनी फोन भरला की घरातलं कोणीतरी ते साफ करतंच. आयफोनच्या सफारीत तर सात दिवस पान उघडलं नाही तर ते आपोआप उडू शकतं, होम स्क्रीनवर टाकलेलं असेल तर वाचतं. म्हणून बाकी काही करायच्या आधी फाइल उतरवून घ्यायचं बटण द्या, आणि ती फाइल परत चढवून सगळं जसंच्या तसं येतं का तेही बघा. सर्व्हरवर ठेवत असाल तर स्वतःच्या खात्यातून लॉगिन करून ब्राउझरमधल्या लिंकमधला युझर नंबर बदला, दुसऱ्याचं वजन दिसलं तर ॲप त्याच मिनिटाला बंद करा आणि मग दुरुस्त करा. ब्राउझरला पाठवलेली प्रत्येक गोष्ट कोणालाही वाचता येते, त्यामुळे एआयने डेटाबेसची गुप्त किल्ली ब्राउझरला जाणाऱ्या कोडमध्येच चिकटवून दिली नाही ना, हे स्वतः शोधा. ताईचं वजन गावभर झालं तर ती भाच्याला घरात घेणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं.

तोरणमाळकडे किंवा सातपुड्यात आत रेंज जाते, तेव्हा नोंद आधी फोनमध्ये आणि रेंज आली की सर्व्हरवर, प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक, म्हणजे दोनदा बटण दाबलं तरी दोनदा चालणं होत नाही.

शेवटी सगळ्यांचा प्रश्न असतो तोच भाच्याने विचारला, मामा आता प्ले स्टोअरवर टाकू का? स्मार्टवॉचचा किंवा फोनच्या हेल्थ कनेक्टचा (वेगवेगळ्या ॲपचा आरोग्याचा डेटा एकत्र ठेवणारी अँड्रॉइडची सोय) डेटा हवा असेल तर वेब ॲपला तो थेट वाचता येत नाही, त्यासाठी अँड्रॉइडचं ॲप करावंच लागतं. प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, आणि नवीन वैयक्तिक खात्याला सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग दाखवावं लागतं. नाना, ताई आणि तो भरतीवाला धरले तर अजून नऊ जण लागतील. तोपर्यंत लिंक पाठवून होम स्क्रीनवर टाकून दिलं तरी घरच्यांचं भागतं.